श्रीनूने तीनदा विचारलं

कोर्टात शिरताना फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत टाकायचा, ही माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी मी एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते आणि पिशवीत फोन थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर पद्माचे पाच मिस्ड कॉल. पद्मा म्हणजे श्रीनूची बायको. श्रीनू त्याच्या संस्थेच्या मसुद्याचे कागद घेऊन चार वाजता माझ्याकडे यायचा होता, उशीर होणार असेल, एवढंच मनात आलं. फोन लावला तर तिच्या दिराचा आवाज... "ताई, अण्णा गेला की. हार्टफेल." आणि मी, शहाणी, विचारते काय, तर "कागद सोबत नेलेत का त्याने?" डोकं अजून कागदांतच होतं. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

श्रीनिवास आणि मी शाळेपासूनचे. त्याचे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचे. चौकटीचा कागद, त्यावर पेन्सिलीने भरलेले चौकोन. चौकोन भरलेला असेल तिथे धागा वर, रिकामा असेल तिथे खाली. श्रीनूने तेच काम संगणकावर आणलं, त्याला 'ताणा' नाव दिलं आणि नेटवर फुकट सोडून दिलं. कुणीही घ्यावं, आत उघडून बदलावं, सुधारलं तर परत द्यावं. "विकलं असतंस तर बंगला झाला असता," असं मी म्हटलं की तो म्हणायचा, "झाडायला कुणी यायचं, तू?" पुढे फिनलंडमधली एक विणकर बाई, व्हिएतनाममधला एक मास्तर, असे कुठले कुठले लोक त्यात भर घालू लागले. आमच्या श्रीनूला सोलापुरात मात्र गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं.

गेल्या वर्षी तो ऑफिसात येऊन म्हणाला, "वकीलबाई, 'ताणा'ची संस्था करायची हाय. नाव, वेबसाइट, किल्ल्या म्हंजे पासवर्ड, समदं माझ्या एकट्याच्या नावावर हाय, ते संस्थेच्या नावावर टाकायचं." प्रश्न एकच होता, संस्था कुठल्या देशाच्या कायद्याखाली काढायची. परदेशातल्या मंडळींचं म्हणणं नेदरलँड्स. तिथे नोटरीपुढे बसून संस्था काढता येते, विश्वस्त कुठल्याही देशाचे चालतात, माणूस बदलला की नोंद लगेच बदलते. माझं टाळकंच सरकलं. सोलापूरचा माणूस, सोलापूरच्या मागांवरून सुचलेलं काम, आणि त्याचं बिऱ्हाड हॉलंडात? "इथेच ट्रस्ट करू," मी म्हटलं, "पत्ता तुझ्या घराचा, वडिलांच्या त्या डिझाइनच्या टेबलाचा." तो हसला. नाही म्हणाला नाही. मी तो होकार समजले आणि मसुदा करायला घेतला.

त्याच बैठकीत त्याने विचारलं, "एक ट्रस्टी मेला तर?" धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करावा लागतो, मी सांगितलं. "किती दिवस लागतात?" "नशीब असेल तर वर्ष. नसेल तर मोजत बस." पुढच्या भेटीत, सात रस्ता चौकात चहा घेताना, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फोनवर, जायच्या आठवडाभर आधी. "आन् तोवर कुणी आडवं आलं, तर हॉलंडातली मानसं सोलापूरला तारखेला येनार व्हय?" मी खो खो हसले. म्हटलं, "तू मरायची एवढी घाई कशाला करतोयस?" तो म्हणाला, "सहज इचारलं गं." उभं आयुष्य मी साक्षीदारांच्या आवाजातला फरक पकडण्यात घालवलंय. माझ्या मित्राचा मला पकडता आला नाही.

हृदय फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला जायच्या चार महिने आधीच सांगितलं होतं. हे फक्त पद्माला माहीत होतं, आणि तिला त्याने शपथ घातली होती. मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी आठवड्यात त्याची सही हॉलंडच्या कागदावर घेतली असती. पण मग ती मी दयेपोटी घेतली असती, आणि तेच त्याला नको असावं. मी वाद हरून कबूल व्हावं, एवढ्यासाठी तो थांबला. माझा हट्ट त्याच्या हृदयापेक्षा जास्त टिकला.

गेल्या आठवड्यात पद्मा आली. वारस म्हणून 'ताणा'चं नाव आणि किल्ल्या संस्थेकडे सोपवायला तिची संमती लागते. त्यासाठी आधी वारस दाखला, मग पुढचे सगळे हेलपाटे. त्याच्या एका सहीत जे झालं असतं त्यासाठी आता या बाईला खेटे घालावे लागणार. संमतीपत्रात देशाची जागा मी कोरी ठेवली होती. तिने त्यावर बोट ठेवलं.

"ताई, हितं काय लिव्हायचं? त्यांनी तुमाला सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तीनदा."

आणि मी नेदरलँड्स लिहिलं.

जाताना तिने पिशवीतून मी श्रीनूला वाचायला दिलेला तिसरा मसुदा काढून दिला. श्रीनूला वाचताना हातात पेन्सिल लागायची. आधीच्या दोन्ही मसुद्यांवर, 'विश्वस्ताचा मृत्यू झाल्यास' या कलमाशेजारी, त्याने एक बारीक चौकोन भरला होता. "हे काय?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय, हाताची खोड." आणि झेरॉक्स स्वच्छ यावी म्हणून मी ते दोन्ही चौकोन खोडरबराने पुसून टाकले होते, नीट, कागदाला सुरकुती न पाडता.

तिसऱ्या मसुद्यावरही तो आहे. बाकी अठरा पानांवर कुठेही खूण नाही. चौकोन मात्र इतका दाबून भरलाय की कागदाच्या मागच्या बाजूने बोटाला लागतो. ते पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. रोज ऑफिस बंद करताना काच उचलते, पान उलटं करून त्यावरून बोट फिरवते, आणि मग दिवा घालवते.