अविनाशची उंच पट्टी

महिना होत आला. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी फोन वाजला आणि अविनाशची बायको, मेघना, एवढंच म्हणाली, "नीलाताई, गेला तो." मूत्रपिंडाचा आजार, डॉक्टरांनी कल्पना दिलेलीच होती... तरी मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली.

घरोघरी केबल आलं त्या वर्षांत आम्हा दोघांच्या पॉप गाण्यांचं बडोद्यात बरं चाललं होतं. दोन कॅसेटही निघाल्या. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा माझा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याचा नागरवाड्यातल्या घरून फोन यायचा. मी नुसतं "हॅलो" म्हणायचं. त्यावरून तो संध्याकाळची पट्टी ठरवायचा. "आज काळी पाच," की फोन बंद. बहुतेक वेळा काळी पाचच, म्हणजे चांगली उंच. घसा ताणला जायचा, पण टाळ्या पडायच्या. स्वतःची पट्टी शोधायचा त्रास मी कधी घेतलाच नाही. सरळ सांगायचं तर आळस.

मग मुंबईच्या एका जाहिरात कंपनीने त्याला जिंगल लिहायला बोलावलं आणि तो गेला. भांडण नाही, काही नाही. दहा दिवसांवर कार्यक्रम होता. तो नसताना त्याची गाणी गायची माझी छाती होईना, म्हणून मीच कशीबशी चार नवी गाणी जुळवली. त्या सकाळी सवयीने फोनपाशी बसून राहिले. तिशी उलटलेल्या गायिकेला आपली पट्टी ठाऊक नव्हती. संध्याकाळी कीबोर्डवाल्याने विचारलं, तेव्हा आवाज फाटेल या धास्तीने मी पांढरी चार सांगून मोकळी झाले. कितीतरी खाली. मागच्या रांगांतला गोंगाट हळूहळू थांबला आणि लोक ऐकायला लागले. पुढे कॅसेट निघाली, तेव्हा मांडवीतला कॅसेटचा दुकानदार म्हणाला, "बेन, आ तो साव नवो अवाज छे." जो तो माझ्या नव्या साउंडचं कौतुक करायचा. होती ती शुद्ध घाबरगुंडी. ती उघडी पडेल अशी भीती प्रत्येक कार्यक्रमाआधी असायचीच.

आजारपणात अविनाश बडोद्याला परतला. आमच्या शेवटच्या भेटीत, त्याच्या खोलीत, मेघना आत चहा टाकत असताना, तो हळूच म्हणाला, "नीला, तुझा आवाज खालचाच होता. मला पहिल्यापासून कळत होतं."

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"उंच पट्टीत सगळं खपून जातं गं. खाली गायलीस तर एकेक शब्द ऐकू येणार... माझे शब्द कच्चे निघाले असते तर? भीती वाटायची."

इतकी वर्षं माझा घसा सोलवटून याने आपली भीती झाकली! मला असा संताप आला की चहा न घेताच मी निघाले. पुन्हा जाईन म्हणत राहिले, गेले नाही.

फोन आल्यावर मला भीती वाटली ती याचीच. मेघना आता त्याचं गाणं म्हणायला सांगणार, हे मला कळून चुकलं होतं. तसंच झालं. तेराव्यानंतर त्याच्या खोलीत दहा-बारा जण जमलो. पेटीवाल्याने आपणहून काळी पाच धरली. ती मला आता झेपणार नव्हती. आणि खाली गायले, अन् गाणं खरंच कच्चं निघालं तर, तेही मेघनासमोर... मी पांढरी चार मागितली.

गाणं कच्चं नव्हतं. एकही शब्द कच्चा नव्हता. दोन महिन्यांपूर्वी चहा घ्यायला थांबले असते, तर त्याच खोलीत हे त्याला ऐकवता आलं असतं.