म्यानाच्या पोटात

तलवार सोडून म्यानावर जीव टाकणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. आतोबा सोलापूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. सुट्टीला लोक सिनेमाला जात. हे कुणाच्या तरी देवघरातलं जुनं म्यान मांडीवर घेऊन, एक डोळा मिटून आत बघत बसत. वेताच्या लांब काडीला गिरणीतलं मऊ सूत गुंडाळायचं आणि आतून कोरडंच पुसायचं. पाणी नाही, तेल तर मुळीच नाही. आधी वास घेऊन "खोबरेल. तीन पिढ्यांचं!" असं वैद्याच्या थाटात निदान सांगायचे. आत्याची आमटी करपलेली मात्र त्यांना कधी कळली नाही. "पातं कुनीबी पुसतंय," ते म्हणायचे, "म्यानाच्या पोटात कोन बघतंय?"

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मंगळवेढ्याकडचे एक पाटील धोतरात तलवार गुंडाळून एस.टी.नं आले. कंडक्टरनं तिचंही तिकीट मागितलं म्हणून आधीच तापलेले. दसऱ्याला शिवेवर तलवार उपसून आपटा पुजायचा मान त्यांच्या घराचा. पण पातं गंजू नये म्हणून पणज्यापासून सगळ्यांनी दर खंडेनवमीला म्यानात तेल ओतलेलं! ते थिजून यंदा तलवार अशी बसली, की चौघांना हलेना.

"जॉबर, आठ दिसांवर दसरा आलाय. उपसली न्हाय तर मान भावकीत जातोय की! म्यान फोडा, पर पातं काढा."

"म्यान फोडा?" आतोबा असे ओरडले, की आत्या लाटणं घेऊन बाहेर आली.

दोन दिवस तलवार गच्चीवर ऊन खात पडली, तिसऱ्या दिवशी पातं सुटलं. पाटील लगेच निघाले. "बसा खाली!" आतोबांनी दटावलं. "तशीच घातली तर परत बसंल." मग चार दिवस काडी चालली. हळद, कुंकू, अक्षता, एक सबंध झुरळ, सगळं बाहेर आलं. सूत पांढरं निघेपर्यंत आतोबा थांबले नाहीत.

दसऱ्याला आम्हीही गेलो. भावकी हसायला टपलेलीच होती. पाटलांनी मुठीला हात घातला आणि एका हिसक्यात तलवार सळ्ळकन बाहेर! हलगी कडाडली. सगळे पात्याकडे बघत होते. आतोबा पाटलांच्या कमरेशी वाकून रिकाम्या म्यानात बघत होते. पाटील त्यांना मानाचा फेटा बांधू लागले, तर आतोबा म्हणाले, "फेटा ऱ्हाऊ द्या. तेवढं तेल ओतू नका."

तेव्हापासून दर दसऱ्यानंतर पाटलांचं कार्ड यायचं: 'तेल ओतलं नाही. तलवार निघाली.' आतोबा ते साऱ्या चाळीला वाचून दाखवायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कार्ड अजून त्यांच्याच नावानं येतं. पाटलांचा मुलगा लिहितो. आत्याला नीट दिसत नाही, म्हणून ते मी वाचतो.

"निघाली का रे?" ती विचारते.

"निघाली."

मग ती भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करते आणि जरा मोठ्यानं सांगते, "अहो, निघाली हो."