स्टेअरिंगवरची दोन बोटं

मी पुण्यात संशोधन करते. विषय असा, की बिनड्रायव्हरची गाडी समोर आली तर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला ‘जा, मी थांबते’ हे तिनं सांगायचं कसं? दोन वर्षं यावर डोकं फोडलं आणि उत्तर सापडलं ते आमच्याच घरात.

बाबा आमच्या धाड गावाहून बुलडाण्याला प्रवासी जीप चालवतात. बाजाराच्या दिवशी धाडला माणसं, बकऱ्या, हातगाड्या सगळं एकदमच आडवं येतं. बाबा हॉर्न वाजवत नाहीत. वेग कमी करतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात आणि स्टेअरिंगवरची दोन बोटं उचलतात. बस, समोरचा बिनघोर निघतो. दिवाळीत मी शेजारी बसून हे मोबाइलवर टिपलं. त्या दिवशी बाबांनी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता.

विद्यापीठातल्या आमच्या विभागात माझं भाषण झालं तेव्हा मी तो व्हिडिओ लावला. रस्त्यात एक म्हातारी बिचकते आणि बाबांचा आवाज येतो, ‘जाय माय, जाय, म्या उभा हावो.’ सगळा हॉल हसला. आणि मीही हसले, निलाजरी कुठली! मग एका सरांनी विचारलं, हा ड्रायव्हर कोण? मी म्हणाले, ‘असाच एक, तिकडचा लोकल.’

विभागानं ते भाषण नेटवर टाकलं. पोरीचं भाषण म्हणून बाबांनी स्टँडवरच्या साऱ्या जीपवाल्यांना गोळा करून दाखवलं, हे मला आईकडून कळलं. सरांचा प्रश्न आणि माझं उत्तरही त्यात होतं.

पुढच्या खेपेला घरी गेले. जेवण होत आल्यावर बाबांनी हळूच विचारलं, ‘त्या सरानं इचारलं होतं न, डायवर कोन होय? मंग काऊन नाई सांगतलं?’

संशोधनात कुणाची ओळख सांगायची नसते, तसा नियम आहे, असं मी म्हणाले. नियम आहेच. पण त्या दिवशी मला नियम आठवला नव्हता, लाज वाटली होती. बाबा ‘हाव, असन’ म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी त्यांच्याच जीपनं बुलडाण्याला निघाले, पुढच्या सीटवर. मागच्या एका नव्या माणसानं विचारलं, ह्या कोन होय? बाबा सहज म्हणाले, ‘पुन्याच्या म्याडम हायेत. अभ्यासाले येतात इकडं.’

टोमणा नव्हता तो. मला तसंच आवडतं, असं त्यांना खरंच वाटलं होतं. बुलडाणा येईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून होते, आणि ‘मी यांची पोरगी आहे’ एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.