भिंतीवरच्या बैलाचा पोळा

अमरावतीहून निघालेली बस पुण्यात शिरली तेव्हा माझ्या मांडीवर मिरचीच्या ठेच्याची बरणी होती आणि शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी. बरणीचं झाकण नगरच्या खड्ड्यातच उडालं होतं. तिथून पुढं अख्खी बस रडत आली. पुणेकरांना वाटलं असेल, वऱ्हाडची माणसं घर सोडताना फार हळवी होतात.

स्वारगेटला रिक्षावाल्याला विचारलं, "कोथरूड लांब आहे का जी?"

"अमरावतीपेक्षा जवळ आहे," तो म्हणाला. नुसत्या 'जी'वरून त्यानं माझं गाव ओळखलं होतं. रक्तगटही ओळखला असेल, फक्त बोलला नाही.

कोथरूडच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर माझी मावसबहीण वृंदाताई हिचं ऑफिस होतं. बँकेतली नोकरी सोडून तिनं चित्रांबद्दल सल्ला देण्याचा धंदा काढला होता. पुण्याभोवती तेव्हा संगणकाच्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या आणि त्यांच्या भिंती कोऱ्या होत्या. कुठं कुठलं चित्र शोभेल ते ताई सांगायची, चित्रकाराकडून आणून द्यायची, आणि मी खिळा ठोकायचो. वर्षभराच्या बोलीवर आलो होतो. पद, सहायक कलासल्लागार.

हिंजवडीतला पहिलाच साहेब म्हणाला, "सोफ्याला मॅच होईल असं द्या. पण फार विचार करायला लावणारं नको. एम्प्लॉयी बघत थांबले तर डेडलाइन जाते."

"मग कॅलेंडर लावा ना," ताई शांतपणे म्हणाली. "त्यात डेडलाइनपण दिसते."

चित्रं न्यायला वाहन एकच, ताईची स्कूटर. मागं बसून मी पाच फुटी कॅनव्हास धरायचो. एकदा कर्वे रस्त्यावर त्यात वारा असा भरला की, शपथेवर सांगतो, दोन सिग्नल आम्ही जमिनीला न टेकता ओलांडले. हवालदारानं शिट्टी फुंकली, पण पावती फाडायला वर कोण येणार?

या सगळ्या धंद्याचा खांब मात्र खडकीत होता. रणपिसेकाका. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी पेट्यांवर आकडे रंगवले आणि उरलेल्या वेळात चित्रं. ती त्यांनी कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती. ताईनं सहा महिने त्यांच्याकडे चकरा मारून ती मिळवली. अट एकच.

"लोकांना देवानं डोळे दिलेत, त्यांनी बघावं. हात लावायचा नाही," काका चहाचा कप माझ्यापुढं सरकवत म्हणाले. "एका चित्राला डाग पडला, तर सगळी परत. आणि कप तिथं ठेवू नका, ते टेबल नाही, चित्र आहे."

काकांची चित्रं परत गेली असती, तर ताईला ऑफिसला कुलूपच लावावं लागलं असतं. दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

आमच्याकडे चित्र पंधरा दिवस घरी लावून बघायला देत. आवडलं तर ठेवा, नाहीतर मी येऊन काढून नेणार. भाद्रपद अर्धा सरल्यावर निवृत्तीअण्णांनी असंच एक मागितलं. मुळशीच्या वाटेवर त्यांची शेती होती. तिथं कंपनी आली, अण्णांचा बंगला आला आणि गोठा गेला. त्यांनी निवडला तो काकांचा पांढरा, बसलेला बैल.

ताईला शंका आली. "शेतकऱ्याचं घर, बैलाचं चित्र... पोळ्याला काही करणार तर नाहीत ना रे?"

"पोळा झाला की!" मी छाती ठोकून म्हणालो. आमच्याकडे तो श्रावणाच्या अमावास्येला होतो. या भागात तो महिन्यानं, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो, हे मला माहीत नव्हतं. कोथरूडच्या ताईला तर तो असतो एवढंच माहीत.

पंधराव्या दिवशी बैल आणायला गेलो. दाराला तोरण, आत पुरणाचा वास. चित्रातल्या बैलाच्या कपाळावर हळदकुंकू, चौकटीला झेंडूची माळ आणि तोंडावर तुपाचा ओघळ.

"आवं, त्यो ताटाकडंच बघत व्हता," अण्णांची बायको हौसाकाकू म्हणाली. "मंग भरवली पोळी. तुमी बी बसा की."

मी बसलोच. काकांची अट डोळ्यांपुढं असतानाही चार पोळ्या आणि कटाची आमटी (पुरणाच्या डाळीच्या पाण्याची आमटी) संपवली, मगच ताईला फोन केला. ती म्हणाली, "काकांना मीच सांगते. लपवायचं नाही."

दोन तासांत दोघं स्कूटरवर हजर. काका इस्त्रीच्या शर्टात, चित्रापुढं उभे. ताई पदराचं टोक पिळत होती. अण्णा पुढं झाले.

"चूक झाली, मालक. यंदा दावणीला कुणीच न्हाई. हात आवरला न्हाई."

काका चित्रावरून नजर न हलवता म्हणाले, "किती खाल्ल्या?"

"येकच," काकू म्हणाली. "दुसरी घेतली न्हाई."

"शिंगं का नाही रंगवली?"

अण्णांनी ताटातली हिंगुळाची वाटी (शिंगं रंगवायचा लाल रंग) दाखवली. "काढला व्हता. पर धीर न्हाई झाला."

काकांच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथं, ब्रश असायचा. त्यांनी एक शिंग रंगवलं, कारखान्यातल्या आकड्यासारखं चोख. मग ब्रश अण्णांच्या हातात दिला. अण्णांचा ब्रश घसरला आणि रंग शिंगाबाहेर आकाशात गेला.

"राहू द्या," काका म्हणाले. "बैल हलला असेल."

मग ताईकडे वळून, "हे चित्र इथंच. बाकीची तुमच्याकडेच राहू द्यात. फक्त त्या चकचकीत ऑफिसांत देताना जरा चौकशी करत जा, तिथं खायला कोण घालणार आहे."

ताई तिथंच हसता हसता रडली.

वर्ष संपल्यावर निरोप घ्यायला अण्णांकडे गेलो, तर चित्र खाली, जवळजवळ जमिनीलगत आलेलं. मी मोजायचा टेप काढला. चित्र डोळ्यांच्या उंचीवर असावं, असा आमचा नियम आहे, असं समजावून सांगितलं.

"हायच की," अण्णा म्हणाले. "त्यो बसलाय. त्याच्याजवळ आपण बी बसतो."

टेप खिशात घालून मी मांडी घातली. बैलाची आणि माझी पहिल्यांदाच नजरानजर झाली.

अमरावतीला परतल्या दिवशी बैठकीतल्या सगळ्या तसबिरी मी जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणल्या. बायको म्हणाली, "पुण्यात वर्षभर राहून हेच शिकून आलात का जी?"

"हो," म्हटलं. "बस इथं. दाखवतो."