आमची गेम थिअरी आणि मुकुंदवाडीचा टँकर

आमच्या बॅचचे दोघं जरी भेटले तरी चहा गार होतो. एकानं किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "ते सोड, शेळीचं सांग!" बायको विचारते, "मग दोन वर्षांत अभ्यास कधी केलात?" खरं सांगू? मलाही तोच प्रश्न पडतो!

*

कोर्सचं नाव सांगतानाच धाप लागायची. कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र आणि गेम थिअरी, तिन्ही मिळून एक एम.एस्सी.! माझा रूममेट संतोष, म्हणजे आमचा संत्या, वैजापूरचा. घरची कांद्याची आडत. त्यानं वडिलांना समजावलं, "समोरचा काय करंल ते ओळखून आपण काय करायचं, त्याचं गणित असतं."

वडील म्हणाले, "ते तर मी रोज मार्केटात करतो. त्याला कॉलेज कशाला लागतं?"

शेवटी परवानगी मिळाली, पण अट घालून. नापास झाला की गुपचूप आडतीवर येऊन बसायचं. संत्याला तर मास्तर व्हायचं होतं. त्यामुळं परीक्षा जवळ आली की त्याचं पोट बिघडायचं, अन् आमच्या रूमवर पाण्याची बोंब!

*

गेम थिअरीचे देशपांडे सर दोन चोरांचं कोडं शिकवत होते. दोघांना वेगवेगळ्या खोलीत कोंडलंय. जो दुसऱ्याचं नाव सांगेल तो सुटेल, दुसरा अडकेल. सर म्हणाले, "शहाणा चोर नाव सांगूनच टाकणार. झालं सिद्ध!"

मागून संत्या म्हणाला, "सर, दोघं एकाच गावचे असले तर?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो सर. सुटून जाणार कुठं? गावातच ना!"

सरांनी खडू खाली ठेवला. "हा पुढच्या सेमिस्टरचा धडा आहे. बस खाली!"

*

लिलाव शिकवायला सरांनी आम्हाला जनावरांच्या बाजारात नेलं. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. सरांना कुठलं राहवतंय! एका म्हाताऱ्याचा हात रुमालाखाली धरून, "असंच ना?" म्हणत त्यांनी बोटं दाबली.

"झाला सौदा!" म्हातारा म्हणाला.

येताना जीपमध्ये मागं आम्ही, अन् पुढं सरांच्या मांडीवर शेळी. घरी मॅडमनी दारातच विचारलं, "ही कोणत्या सेमिस्टरला आहे?"

*

शेवटचं वर्ष ऐन दुष्काळाचं. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीपुढं रोज नवं अपार्टमेंट उभं राहतंय, अन् नळाला मात्र थेंब नाही. टँकर आला की हमखास भांडणं. संत्यानं प्रोजेक्टच त्यावर घेतला. प्रत्येक घरानं मोबाईलवर आपली गरज टाकायची. गणितच असं बसवलेलं, की उगाच जास्त मागणाऱ्याचा तोटा अन् खरं बोलणाऱ्याचा फायदा. बाहेरचे परीक्षक डेमो बघायला थेट गल्लीत येणार होते.

आदल्या दिवशी संत्या आमच्या घरमालकीण काकूंना म्हणाला, "काकू, कुणी जास्तीचं पाणी मागितलं तर मी गेलोच आडतीवर!"

"असं व्हय? बघते मी," काकू म्हणाल्या.

टँकर आला. परीक्षक आले, सोबत देशपांडे सर. संत्यानं लॅपटॉप उघडला अन् पांढराफटक पडला. सगळ्या घरांची मागणी एकच, फक्त एक हंडा!

टँकर जवळजवळ भरलेलाच. ड्रायव्हर विचारतोय, "बाकीचं पाणी कुठं नेऊ?"

परीक्षकांनी कपाळाला हात लावला. "दुष्काळात पाणी उरतंय? लोक खरं बोलतील असं तुमचं मॉडेल म्हणत होतं ना?"

संत्या नुसती लॅपटॉपची बटणं दाबत राहिला. मला तर त्याच्याकडं बघवत नव्हतं.

परीक्षक काकूंकडं वळले. "मावशी, खरं सांगा, तुम्हाला पाणी किती लागतं?"

काकूंनी पदर खोचला. "आधी तुम्ही खरं सांगा. पोरगं पास हाय का नाय?"

परीक्षकांनी सरांकडं बघितलं. सर आभाळाकडं बघत होते. शेवटी परीक्षक म्हणाले, "पास."

काकू वळल्या अन् गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "निघा गं बायांनो, पिंपं काढा!"