जाऊबाईंपेक्षा वीस फूट

लाँड्रीवालीच्या चादरी दोरीवरून काढल्या की पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहत. कितीही साबण ओतला तरी मशीनमध्ये फेस येत नव्हता. तिने साबण बदलला, मग साबणाचा दुकानदार बदलला. शेवटी लॉजवाला आला.

"ताई, गिऱ्हाइकं म्हणतात चादर टोचते. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरीकडे टाकतो."

लाँड्री चालायची ती लॉजच्या चादरींवर. बाकी लोक तिच्याकडे फक्त पडदे आणायचे, तेही पाहुणे येणार असले तर.

तिने पंपवाल्याला बोलावलं. त्याने नळाचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

"समुद्र आलाय."

"इथे? किनारा दिसतसुद्धा नाही."

"जमिनीखालून येतो. गोडं पाणी हलकं, ते वर असतं. खारं जड, त्याच्या खाली. तुम्ही खोल जाऊन उपसत बसलात, ते वर आलं."

"मग बोअर खोल करताना का नाही बोललास?"

"तुम्ही पाण्याचं विचारलंच नाहीत. जाऊबाईंपेक्षा वीस फूट जास्त, एवढंच म्हणालात."

हे खरं होतं. भिंतीपलीकडे थोरली जाऊ रोपवाटिका चालवायची. भावांनी घर मधोमध वाटून घेतल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. एकीने बोअर खोल केला की दुसरी करायची. नवरे विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणायचे, आणि बघायचं असतं तेव्हा घरात नसायचे. लाँड्रीवालीला कुणाकडूनही हरणं चालायचं, जावेकडून नाही.

"आता?" तिने विचारलं.

"पाइप वर घ्यायचा, मोटर थोडी थोडी चालवायची. पण तुम्ही एकटीने करून उपयोग नाही. खाली पाणी एकच आहे. त्याला तुमच्या वाटणीचं कुणी सांगितलेलं नाही."

ती पलीकडे गेली. थोरली मेलेल्या रोपांच्या पिशव्या रिकाम्या करत होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

"वाट चुकलीस का?"

धाकटीने पंपवाल्याचं सगळं सांगितलं. थोरलीने मान वर केली नाही.

"तुझ्या साबणाने माझी रोपं मेली, असं मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय. आता काय सांगू?"

"तेच सांगत राहा, जाऊबाई. पाइप तेवढा वर घ्या."

थोरलीने आणखी एक पिशवी उपडी केली. "साबण कमी केलास म्हणेन."

"म्हणा."

"आणि सकाळचं पाणी माझं. रोपांना ऊन चढायच्या आत लागतं."

सकाळी धुतल्या नाहीत तर चादरी त्या दिवशी वाळत नाहीत.

"बरं," लाँड्रीवाली म्हणाली.

महिनाअखेरीस लॉजवाल्याने एक चादर गालाला लावून पाहिली.

"टोचते. पण कमी."

निम्म्या चादरी तो दुसरीकडे घेऊन गेला, निम्म्या ठेवून गेला. त्या धुवायला तिने दुपारी मोटर लावली. मशीनमध्ये थोडा फेस आला. ती झाकण उघडून बघत उभी होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"अगं, बास. किती उपसशील? बंद कर आता."

साबण अजून निघायचा होता. तिने मोटर बंद केली आणि चादरी तशाच भिजत ठेवल्या.