रंगवलेला दांडा

उरणजवळच्या चाचणी शेडमध्ये आकडे टिपायचं काम मी करतो. एकदा एका शाळेच्या इमारतीसाठी बनवलेला पोलादी सांगाडा हादरे देणाऱ्या पाटावर उभा होता. भूकंपाचा हिसका शोषून घ्यायला त्यात तेलाचे डॅम्पर बसवले होते. डॅम्परविना सांगाड्याचा माथा बेचाळीस मिलिमीटर हलला होता, डॅम्पर लावल्यावर एकोणीस. आठवड्याने तीच चाचणी पुन्हा घेतली, तर आकडा आला अडतीस.

मी वाकून पाहिलं. डॅम्परचा आतबाहेर सरकणारा चकचकीत दांडा ऑइलपेंटने रंगवलेला होता. रंगाच्या खपल्यांनी तेल अडवणारं सील फाटून तेल गळत होतं. खाऱ्या हवेत उघडं लोखंड दिसलं की आमच्याकडे त्याला रंग फासतातच. शेडचे साहेब तो रंगवणाऱ्या रंगाऱ्यावर ओरडले.

"तुमीच बोललाव ना साहेब, एकपन लोखंड उघडं ठेवू नको?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. दांडा तेवढा रंगवू नकोस, हे सांगायचं काम साहेबांचं होतं.

साहेब माझ्याकडे वळले. "काका, आजचं सोडा. मागचाच आकडा लिहा. उद्या शाळेचे लोक बघायला येतायत."

माझं डोकं फिरलं. "त्या वर्गांत पोरं बसणार आहेत, साहेब. एकोणीस लिहायचं असेल तर पेन तुम्ही धरा."

त्यांनी वहीतलं अडतीस लिहिलेलं पान फाडलं. मी नव्या पानावर पुन्हा अडतीस लिहिलं, खाली कारण लिहिलं. ते सही करेनात. मग मी एकट्याने सही केली आणि ते पान शाळेच्या लोकांना दाखवायच्या फायलीत सर्वांत वर लावलं.